भोळ्या माणसाचं काम

लटारू भोळा आहे.

मोहबोडीत हे वाक्य कुणी कुजबुजत म्हणत नसे. त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तोही मान हलवी. एखाद्याला सुतार म्हणावं, तो सुतारच असावा, त्यात रागावण्यासारखं काय, तसं. लटारू गावाची ढोरं चारायचा, पण ढोरं कुणीही चारू शकलं असतं. भोळा असणं हे त्याचं खरं काम होतं आणि ते गावात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

काम असं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळं गाव मिळून मासे धरायचं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाची पानं अंथरून मासळीचे वाटे घालायचे, घराला एक. कितीही जपून घातले तरी वाटे सारखे होत नाहीत. एकात जाड मरळ जाते, दुसऱ्यात नुसती बारीक काटेरी मासळी. म्हणून लटारूला वाट्यांकडे पाठ करून बसवायचं. एक जण काठी घेऊन एका वाट्याला टेकवी आणि विचारी, "हा कोनाचा?" लटारू समोरच्या झाडीकडे बघत, तोंडात येईल ते नाव घेई. ज्याचं नाव त्याचा वाटा. सगळ्यात शेवटी उरेल तो लटारूचा. कुरकुर नाही. एका वर्षी लटारूला ताप होता म्हणून दुसऱ्याला बसवलं. तो हुशार माणूस होता. त्या वर्षी सगळ्यांना आपला वाटा लहान वाटला.

आधी ठरायची ती एकच गोष्ट. कुणाच्या घरी बाळंतीण असेल, कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्या घराचा वाटा काठी फिरायच्या आधी बाजूला काढायचा. सगळ्यांसमोर, सगळ्यांना विचारून. मग लटारूला सांगायचं, अमक्याचं नाव घेऊ नको, त्याचा निघाला. लटारू घेत नसे.

भोळा म्हणजे काही न कळणारा, असा अर्थ मोहबोडीत नव्हता. लटारूला ढोरांचं कळे, झाडांचं कळे, कोण कुणावर का रुसलंय तेही कळे. फक्त त्याच्या बोलण्याला मागचं दार नव्हतं. आत गेलेलं समोरूनच बाहेर यायचं.



लटारू भोळा आहे, हे पुनर्वसनाच्या साहेबांना पटवायला वेळ लागला.

वाघांच्या जंगलातून गाव उठणार होतं. बाहेर डांबरी रस्त्याला लागून नवा लेआउट पडला होता. खुंट्या ठोकलेल्या, खुंट्यांवर लाल रंगात नंबर. पहिली ओळ रस्त्यावर, म्हणजे दारात बस आणि पुढे दुकान काढायची सोय. शेवटच्या ओळीचं टोक मुरुमाच्या जुन्या खदानीवर होतं. खदान माती टाकून बुजवली होती आणि वरून जमीन छान सपाट दिसत होती. पण त्या खदानीतला मुरूम गावातल्याच कित्येकांनी ट्रॅक्टरवर भरलेला, त्यामुळे खाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब म्हणाले, चिठ्ठ्या टाकू. गावाच्या वतीनं बोलायचे ते गुणवंतराव. त्यांनी सांगितलं की चिठ्ठ्या कोण लिहितो, कोण घडी घालतो, कोण हलवतो, या सगळ्यावर नजर ठेवावी लागते. त्यापेक्षा आमच्याकडे लटारू आहे. मग मासळीच्या वाट्यांची सगळी पद्धत समजावून सांगितली. साहेब हसले. तुम्ही फारच भोळी माणसं आहात, म्हणाले.

"सारे नाई, साहेब," गुणवंतराव म्हणाले. "एकच आहे. म्हनून तं त्याले बसवतो."

सगळ्यांची संमती आहे असं लिहून साहेबांनी परवानगी दिली.



ती दुपार, गावानं पाहिली तशी.

लेआउटच्या कडेनं चुन्याची रेघ मारली होती. सगळं गाव रेघेच्या बाहेर, बायका एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन, पोरं मोटारसायकलींवर. आत फक्त दोघं. पाटावर पाठ करून बसलेला लटारू आणि काठी घेतलेला प्रणित. काठी खरं तर गुणवंतरावांची, पण त्यांना उन्हात चालवत नव्हतं, म्हणून त्यांनी ती आधीच प्रणितकडे सोपवली होती. प्रणित तिशीचा, बल्लारपूरला एका गॅरेजात कामाला जायचा. शिकलेला पोरगा, आवाज मोठा. ओळ बदलली की लटारूचा पाट उचलायचा आणि नव्या ओळीकडे पाठ करून ठेवायचा.

गुणवंतरावांनी मागच्या ओळीपासून सुरुवात करायला सांगितली होती. चांगलं आधी वाटलं तर उरलेल्यावरून भांडणं होतात.

"हा कोनाचा?"

लटारू नाव घेई. प्रणित ते मोठ्यानं परत सांगे. रेघेबाहेरून कुणी हं म्हणे, कुणी हसे, कुणी गप्प बसे. खदानीवरचा एक प्लॉट बायनाबाईला गेला. बायनाबाई म्हणजे नवरा गेल्यावर एकटीनं धानाची बांधी कसणारी. तिनं पदर सारखा केला आणि बघत राहिली. रस्त्याच्या ओळीत चौथा की पाचवा प्लॉट प्रणितला मिळाला. खदानीच्या टोकाची एक खुंटी सुरुवातीलाच काठीतून सुटली होती, तो प्लॉट कुणाच्याच नावानं गेला नव्हता. शेवटी तोच उरला आणि तो लटारूचा.

भांडण झालं नाही. साहेबांना ते खरं वाटेना. निघताना त्यांनी लटारूला नमस्कार केला. लटारूनं आधी मागे वळून पाहिलं, नमस्कार कुणाला आहे म्हणून.



तीच दुपार, काठीच्या बाजूनं. पण त्यासाठी आदल्या दिवसापासून सुरू करावं लागेल.

आदल्या दिवशी लटारू जुन्या गावात वासराच्या कानातल्या गोचड्या काढत बसला होता. प्रणित त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला की रस्त्यावरचा प्लॉट मिळायला पाहिजे, आईचे गुडघे गेलेत. बस दारात थांबेल, दवाखान्यात न्यायला सोपं होईल. प्रणितच्या आईचे, रुखमाबाईचे, गुडघे खरंच गेले होते. प्रणितला रस्त्यावर स्वतःचं गॅरेज काढायचं होतं, तेही खरं होतं. ते तो बोलला नाही.

मग त्यानं हळूच सांगितलं, कसं करायचं ते. मी नुसतं ‘हा कोनाचा’ म्हटलं तर माझं नाव घ्यायचं नाही. ‘लटारूभाऊ’ म्हटलं की घ्यायचं.

लटारूनं एक गोचडी दगडावर ठेवून ठेचली.

"रुखमाबाईचा वाटा आधी काढला म्हन ना," तो म्हणाला.

प्रणितला कळलं, लटारूला काय कळलंय ते. बाळंतिणीचा निघतो, आजाऱ्याचा निघतो, तसा. गावाला विचारून. विचारलं का, असं लटारूनं विचारलंच नाही. न विचारता कुणी वाटा काढतो, हे त्याच्या डोक्यात कुठून येणार?

"हो," प्रणित म्हणाला. "तसंच."

"बरं झालं. म्हातारीले चालनं होत नाई."

एवढंच. कुणी शपथ घातली नाही, कुणाला सांगू नका असंही प्रणित म्हणाला नाही. तसं म्हटलं असतं तर लटारूनं विचारलं असतं, काऊन गा?

दुसऱ्या दिवशी, मागच्या ओळीत. प्रणितनं खदानीवरच्या खुंटीला काठी टेकवली. "हा कोनाचा?" लटारूचं तोंड उघडलं आणि त्यातून "प्रणि" निघालं. तेवढंच. मग तो थांबला, ओठांवरून जीभ फिरवली, कुणाचा तरी काढून ठेवलेला वाटा चुकून उचलला जात होता अशा घाईनं म्हणाला, "बायनाबाईचा."

रेघ लांब होती. अर्धं नाव एकट्या प्रणितला ऐकू आलं. त्यानं मोठ्यानं सांगितलं, "बायनाबाई."

आणि रस्त्याच्या ओळीत, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, फार प्रेमानं:

"हा कोनाचा, लटारूभाऊ?"



गॅरेज चाललं. रस्त्यावरून येणारे लोक टायर दाखवायला थांबत, चहा प्यायला थांबत. चहाचं प्रणितची बायको दिव्यानी पाही. रुखमाबाई दारात बाज टाकून बसे आणि येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये कोण आहे ते बघे. तिला बरं वाटत होतं. प्रणित स्वतःला हे पुन्हा पुन्हा दाखवी. बघ, आईला बरं वाटतंय.

लटारूला नव्या गावात काम उरलं नव्हतं. ढोरं विकली गेली होती, चारायला जागा नव्हती. सकाळी तो गॅरेजवर येई, दिव्यानी त्याला चहा देई, तो बशीत ओतून पिई आणि पान्हे आकारानं लावून ठेवी. काही मागत नसे. प्रणितला तो समोर नको असे, आणि एखाद्या दिवशी आला नाही तर प्रणितचं लक्ष सारखं रस्त्याकडे जाई.

तिकडे बायनाबाईच्या घराचा जोता एका कोपऱ्यात बसला. आधी केसाएवढी भेग, मग बोट जाईल एवढी. गवंड्यानं सांगितलं, खाली नुसती भर आहे, इथं भिंत उभी करायला माझं मन होत नाही. लोकांनी बायनाबाईला म्हटलं, अर्ज कर, ओरड. ती ओरडली नाही. लटारूच्या तोंडून आलं म्हणजे ते माझंच, असं तिनं गॅरेजसमोर उभं राहून सांगितलं. बसची वाट बघत होती. प्रणित मोटारसायकलखाली आडवा झालेला होता. त्याला तिच्या टाचा दिसत होत्या आणि तो कितीतरी वेळ एकच नट पिळत राहिला.

दिव्यानीला ठाऊक होतं. आदल्या दिवशी गोचड्यांच्या त्या दगडापासून चार हातांवर ती शेणी थापत होती. ती कधी बोलली नाही. फक्त बायनाबाई गेल्यावर तिनं तिचा चहाचा कप जरा जास्त वेळ धुतला.



लटारू भोळा आहे.

या वेळी हे प्रणित म्हणाला. सभामंडपात, रविवारी सकाळी.

सभा बायनाबाईसाठीच बोलावली होती. अंगणवाडीसाठी राखलेली थोडी जागा जास्तीची होती. ती बायनाबाईला द्यावी का, असं गुणवंतरावांनी विचारलं. एक म्हणाला, द्या. दुसरा म्हणाला, मग माझ्याही घराला ओल येते. तिसऱ्यानं विचारलं, वाटे एकदा झाल्यावर मोडतात का? बायनाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि ज्याच्या बोलण्यानं तिचं घर राहणार किंवा जाणार होतं त्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघत होती.

तेव्हा लटारू उभा राहिला. सभेत तो कधी बोलत नसे, म्हणून लोक ऐकायला पुढे सरकले.

"रुखमाबाईचा आधी काढला होता ना," तो म्हणाला. "तसाच बायनाबाईचा बी काढू. ते बी आता आजारीच समजा."

"रुखमाबाईचा कवा काढला गा?" गुणवंतराव म्हणाले.

"प्लॉटच्या वक्ती. प्रणितनं सांगतलं होतं. मी लटारूभाऊ म्हनीन तवा माहं नाव घ्या म्हने."

आणि तो हसून प्रणितकडे वळला. पुढचं तू सांग, तुला नीट सांगता येतं, अशा तऱ्हेनं.

वर पंखा कुरकुरत होता. एकेक डोकं वळलं. प्रणितनं काही ठरवलं नव्हतं. पुढे किती वेळा त्यानं मनाला विचारलं, हे वाक्य आधीपासून तयार होतं का? तयार नव्हतं. पण गावानं ते वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत केलेलं होतं, हात घातला की हातात येत होतं.

"लटारूभाऊ भोळे आहेत," तो म्हणाला. "मासळीचं आनि प्लॉटचं एक करून राह्यले."

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले, मोठ्यानं, दम सोडल्यासारखे. म्हातारा झाला लटारू, असं मागून आलं. वासराचाही वाटा काढ म्हणावं, असं आलं.

लटारू प्रणितकडे बघत होता. राग नव्हता. तो खूप मन लावून काहीतरी आठवत होता, आठवलेलं पुन्हा तपासत होता. मग त्याचा चेहरा सैल पडला.

"असन," तो म्हणाला. "प्रणित म्हनते तं असन." आणि खाली बसला.

बायनाबाईचा विषय पुढच्या सभेवर गेला.



त्यानंतर वाक्य गावभर फिरायला लागलं, पण त्याचं काम बदललं होतं.

भोळा आहे, त्याच्या हाती चावी देऊ नका. भोळा आहे, दुकानातून काय आणायचं ते लिहून द्या. त्याला काय विचारतेस व, भोळा आहे तो. भोळा आहे बिचारा. हा बिचारा आधी कधी नव्हता. आता तो त्या शब्दाला चिकटून आला आणि सुटेना.

लोक वाईट वागत नव्हते. उलट जास्त जपत होते. रस्ता ओलांडताना कुणीतरी त्याचा हात धरी. रानात वाघाच्या वाटेवरून ढोरं घेऊन परत येणारा माणूस डांबरी रस्त्यावर हात धरू देई.

आणि लटारू विचारायला लागला. सकाळी चहा पिताना, पान्हे लावताना. आपली तांबडी गाय होळीच्या आधी मेली की नंतर? प्रणित म्हणे, आधी. "मले बी तसंच वाटे," लटारू म्हणे, "पन म्हटलं तुले विचारून घ्याव." जुन्या गावात आंब्याखाली जो दगड होता, तो काळाच होता ना? ढिवराच्या पोरीचं लग्न आपण जेवलो होतो ना? प्रत्येक वेळी त्याचं बरोबर असे. प्रत्येक वेळी तो खात्री करून घेई, आणि खात्री करायला प्रणितकडेच येई, कारण सभेत त्याची चूक प्रणितनंच तर दाखवून दिली होती.

प्रणित उत्तरं देई. हो काका, काळाच होता. भाऊ म्हणणं त्यानं सोडलं होतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका सकाळी लटारूनं कप खाली ठेवला आणि जरा लाजत विचारलं,

"माह्या मायचं नाव पार्वताच होतं ना?"

प्रणितनं तोंड उघडलं. लटारूची आई प्रणितच्या जन्माच्या कितीतरी आधी वारली होती. त्यानं तिला पाहिलं नव्हतं, तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

"मले नाई माहीत," तो म्हणाला.

"अस्सं," लटारू म्हणाला. आणि त्या दिवशी तो पान्ह्यांना हात न लावता नुसता बसून राहिला. दिव्यानीनं आतून ते ऐकलं होतं. ती बाहेर आली, लटारूसमोर बसली आणि म्हणाली की पार्वताच होतं, माझ्या सासूबाई सांगतात. मग उठताना, लटारूला ऐकू येऊ नये इतक्या हळू, नवऱ्याला म्हणाली,

"आता त्याचं काय काय घेसान?"



त्याच संध्याकाळी प्रणित गुणवंतरावांकडे गेला. ते अंगणात बाज आवळत होते. प्रणितनं दोरीचं दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगितलं. मध्ये एकदाही गुणवंतरावांनी काय म्हणतोस म्हणून वर पाहिलं नाही. दोरी ओढत राहिले.

"माहीत आहे," शेवटी म्हणाले.

कुणी सांगितलं, प्रणितनं विचारलं.

"लटारूनं. सभेत. तू नव्हता का?" त्यांनी गाठ मारली. "लटारू कवा खोटं बोलला गा? साऱ्यायले माहीत आहे."

मग त्या दिवशी गप्प का बसलात, असं प्रणितनं विचारल्यावर त्यांनी आपल्या घराकडे मान केली. स्लॅब टाकून झाला होता, प्लास्टर झालं होतं, दारावर हळदीची बोटं होती. एक वाटा खोटा निघाला असता तर सगळेच वाटे पुन्हा घालावे लागले असते. ज्याला जे मिळालं त्यावर तो उभा राहिला होता. तुझा प्लॉट खदानीवर गेला तर बायनाबाई कुठे जाते? रस्त्यावर? मग रस्त्याच्या ओळीतला प्रत्येक जण विचारेल, माझा खरा की खोटा?

"तू एकटाच म्हनला," ते म्हणाले. "हासलो तं सारेच."

प्रणितच्या हातात दोरी तशीच राहिली. इथं येताना त्याला वाटत होतं की रागावतील, कदाचित चारचौघांत उभा करतील. मनात खोल कुठेतरी त्याला तेच पाहिजे होतं. गुणवंतरावांनी दोरी त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतली.

"बायनाबाईचं पाहू काहीतरी. अर्ज करू. तू चूप राह्य. लटारूचं काय, भोळा आहे, विसरून जाईन."

घरी परत येताना प्रणितला आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कसं ऐकू येतं ते कळलं. घरं बांधून झाली होती, आणि सगळ्यांच्या खाली ते वाक्य भरलेलं होतं.



सकाळी लटारू गॅरेजवर यायच्या आधीच प्रणित त्याच्याकडे गेला. टोकाच्या प्लॉटवर लटारूची टिनाची खोली, शेजारी बायनाबाईचा अर्धा जोता. लटारू दात घासत होता. प्रणितनं उभ्या उभ्याच सांगितलं. तुम्ही सभेत बोललात ते खरं होतं. मी म्हटलं होतं तुम्हाला तसं, आदल्या दिवशी, वासराजवळ. गावाला मी विचारलंच नव्हतं. सभेत मी खोटं बोललो.

लटारूनं चूळ भरली. थुंकला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"म्हंजे मले आठवते ते खरं आहे?"

"हो."

"सारं?"

"सारं."

तो टिनाला टेकून बसला. प्रणित वाट बघत होता. शिवी येईल, निदान असं काऊन केलं म्हणून विचारेल. लटारूनं काही विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर फक्त हायसं वाटल्याचं दिसत होतं, ताप उतरल्यासारखं, आणि ते बघणं प्रणितला शिवीपेक्षा जड गेलं. मग लटारू उठला, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि बाहेर पडला.

"कुठी चालले?"

"बायनाबाईले सांगतो. तिले बी वाटत असन, लटारूचं डोस्कं गेलं म्हनून."

हे दोघांतच राहील, असं प्रणित धरून चालला होता. गुपचूप सांगायचं, गुपचूप माफी मागायची, उद्यापासून चहासोबत बिस्किट द्यायचं. हे कुणाला सांगायचं नसतं असं लटारूच्या मनातही आलं नव्हतं. चांगली बातमी होती, ती सांगायला तो निघाला होता.

आणि प्रणितला दिसलं की अजूनही काही बिघडलं नाही. जाऊ दे त्याला. सांगू दे. बायनाबाई येईल, विचारेल, आणि तेच एक वाक्य म्हणायचं. आज ते आणखी चांगलं चालेल, आता तर गुणवंतरावही पाठीशी आहेत. वाक्य तोंडात येऊन बसलं होतं. त्याची चवसुद्धा ओळखीची झाली होती.

लटारू वळला. "येतं का? तू नीट सांगशीन."

प्रणित त्याच्या मागे गेला.

बायनाबाई जोत्याच्या भेगेत सिमेंट भरत होती. भरून काही होणार नव्हतं, पण ती भरत होती. लटारू भेगेच्या अलीकडे थांबला आणि म्हणाला, बाई, माझं डोकं ठीक आहे, प्रणित सांगतो. तिनं थापी हातात ठेवूनच प्रणितकडे पाहिलं.

प्रणितनं सांगितलं. आदला दिवस, लटारूभाऊ म्हणायची खूण, सभेतलं खोटं. काठी खदानीवरच्या खुंटीला टेकली, लटारूनं तुमचं नाव घेतलं, असं म्हणून तो थांबला. लटारू त्याच्याकडे बघत होता. काही छोटंसं राहून गेलेल्या माणसाकडे बघावं तसा, मदत करायला तोंड उघडत.

"पयले माहं नाव आलं होतं," प्रणित घाईनं म्हणाला. "अर्धं. मग तुमचं घेतलं."

बायनाबाईनं थापी खाली ठेवली.

"पन त्याच्या मायचे गुडघे खरंच दुखते, बाई," लटारू म्हणाला. "ते खोटं नाई."

बायनाबाईनं हाताचं सिमेंट पाण्यात धुतलं, एकेक बोट, सावकाश. रडली नाही, शिवी दिली नाही. साऱ्यांना बोलवा, एवढंच म्हणाली. लगेच लटारू निघाला. कुणी सांगितलं की निघायचं, ही त्याची सवय. तिनं त्याला थांबवलं.

"तू बस, लटारू. तू एकदा सांगतलं. आता हा सांगन."

लटारू जोत्यावर बसला. प्रणित एकटाच गल्लीला लागला. ओळीतलं पहिलं दार अर्धं उघडं होतं, आत कुणीतरी भाजी निवडत होतं. त्यानं कडी वाजवली. काय काम होतं, असं आतून विचारलं गेलं, आणि कुठून सुरुवात करायची ते त्यानं ठरवलंच नव्हतं.

"बायनाबाईच्या प्लॉटचं आहे," तो म्हणाला. "तो माहा आहे."